डायलिसिससाठी फिस्टुला की ग्राफ्ट?

डायलिसिससाठी शरीरातलं रक्त यंत्राकडे नेऊन परत आणायला हातात एक कायमची वाट करावी लागते; फिस्टुला आणि ग्राफ्ट हे तिचे दोन प्रकार. हातातली शीर चांगली असेल, तर माझं मत सरळ फिस्टुलाच्या बाजूने आहे. यात मनगटाजवळ किंवा कोपराजवळ रोहिणी (धमनी) आणि नीला (शीर) थेट एकमेकींना जोडतात. ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी 1966 मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही पहिली पसंती तिलाच मिळते. बाहेरची कुठलीही वस्तू शरीरात राहत नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग आणि गुठळ्या कमी होतात. नीट जमलेला फिस्टुला अनेक वर्षं साथ देतो.

अडचण वेळेची आहे. शीर रुंद आणि जाड व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात, आणि काहींची शीर तयार होतच नाही. मधल्या काळात डायलिसिस लागलं तर मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर, भागवावं लागतं, आणि संसर्गाचा सर्वाधिक धोका तिथेच असतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्यावर साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढत असतानाच सर्जनला भेटा. ज्या हाताने लिहीत नाही, तो शक्यतो फिस्टुलासाठी राखायचा असतो; त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. वॉर्डात हे ठणकावून सांगावं लागतं!

ग्राफ्टमध्ये रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये कृत्रिम नळी, बहुधा पीटीएफई या प्लास्टिकची, त्वचेखाली बसवतात. दोन-तीन आठवड्यांत सुई टोचता येते. बारीक शिरांच्या, मधुमेही किंवा वयस्कर रुग्णांना तिचा मोठा आधार वाटतो. मात्र ती लवकर तुंबते आणि पुन्हा पुन्हा फुगा घालून मोकळी करावी लागते.

दोन्हींत रक्त वाहताना त्या जागी बोटांना जाणवणारी थरथर रोज तपासा. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.