जुना पर्ल एक्स्पोर्ट ड्रमसेट, चार डायनॅमिक माइक आणि झूम एच६ रेकॉर्डर: खेड्यात ड्रम रेकॉर्ड करायला एवढं पुरतं का?

पुरतं. पण हेड (ड्रमवर ताणलेले प्लॅस्टिकचे पडदे) नवे घातले तरच, आणि सेट नीट पाहून घेतला असेल तरच.

लग्नसराई आटोपली की वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडे ऑर्केस्ट्रावाल्यांचे आणि बँड पार्ट्यांचे जुने ड्रमसेट विकायला निघतात. ऑक्टोपॅड (ड्रमचे आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक पॅड) एका बॅगेत मावतो. ड्रमसेटला टेम्पोत अर्धी जागा लागते, आणि बांधाबांधीत तास जातो तो वेगळाच. म्हणून चांगले सेटही टिनाच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून असतात. त्यात बिननावाचे जास्त, मधूनच एखादा पर्ल एक्स्पोर्ट किंवा यामाहा स्टेज कस्टम. एक्स्पोर्ट १९८२ पासून बाजारात आहे, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळतात. जुना सेट घेताना आमच्या मते हाच मुद्दा सगळ्यात मोठा. बर्चच्या लाकडाच्या स्टेज कस्टमचा आवाज जास्त नेटका, माइकसमोर तो कमी त्रास देतो. दोन्ही एकाच दामात आणि एकाच अवस्थेत मिळत असतील तर यामाहा घ्या. बिननावाच्या सेटचा लग (ड्रमच्या अंगावरचा, ताणाचा स्क्रू ज्यात बसतो तो धातूचा भाग) तुटला तर जोडीचा लग शोधण्यातच वर्ष जाईल.

पाच नगी सेटची नेहमीची मापं म्हणजे २२ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १२ आणि १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा) आणि १४ इंची स्नेअर (खाली तारा असलेला). विकणारा सेट उभा करून वाजवून दाखवतो आणि म्हणतो, "घ्या न भाऊ, सीझनभर वाजला, काहीच प्रॉब्लेम नाही." वाजवलेलं ऐकून काही कळत नाही. ड्रम-की सोबत न्या आणि निदान एका टॉमचे आणि स्नेअरचे दोन्ही हेड उतरवायला लावा. नाही म्हणाला तर परत फिरा.

उघडं खोड, म्हणजे ड्रमचं नळकांडं, ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा जाड काचेवर पालथं ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि खोलीत अंधार करा. कडेखालून उजेडाची बारीक, सारखी रेघ दिसली तर चालतं. एकाच जागी फट दिसली तर तिथे कड झिजलीय किंवा खोड वाकलंय. असा ड्रम कधीच सुरात बसत नाही. समोरासमोरचे स्क्रू कितीही फिरवा, एक बाजू घरघरतेच. मग टेपने चार दिशांनी व्यास मोजा. दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक आला तर सोडून द्या.

आपल्याकडची खास भानगड हवेची आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापलेली शेड जुलैत ओली होते. अशात प्लायवूडचे थर सुटतात आणि बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण जोडावर उचलतं. आवरण चिकटवता येतं, पण थर सुटले की काम संपलं. बोटाच्या पेराने खोडावर सगळीकडून टकटक करा, पोकळ आवाज येईल तिथे थर सुटलाय. आतून उधई लागलीय का तेही पहा, विशेषतः किकच्या लाकडी रिंगांना. त्या जमिनीला टेकलेल्या असतात.

ताणाचे स्क्रू हा दुसरा सापळा. बहुतेक ड्रमना १२-२४ आट्याचा स्क्रू असतो, म्हणजे जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर. हरवला की कोणीतरी हार्डवेअरमधून सहा मिलिमीटरचा बोल्ट आणून ठोकून बसवतो आणि लगमधल्या नटाचे आटे खातो. चौकोनी डोक्याऐवजी षटकोनी डोकं दिसलं की समजा. सिंबलच्या स्टँडचे विंग नट मात्र बहुतेक ८ मिलिमीटरचे असतात, ते गावातही मिळतात. लग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वेल्डिंगवाला ते जोडून देऊ शकत नाही. जुन्या लगच्या पोटात स्प्रिंग असते, वाजवताना ती झणझणते. लग सोडून आत कापसाचा बोळा भरला की गप्प होते. कापसाची आपल्याकडे वाण नाही.

सिंबल वेगळे पहा. स्वस्त सेटसोबत पितळेचे येतात, त्यांचा आवाज ताटलीसारखा. चांगले काशाचे असतात: ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, किंवा हलक्या प्रकारात ९२ आणि ८. मधल्या भोकाला चावीच्या भोकासारखी खाच पडली असेल तर स्टँडवरची प्लॅस्टिकची नळी कधीच गायब झालेली आहे, सिंबल लोखंडावर घासत वाजलाय. कडेला नख फिरवा, चीर असेल तर अडकेल. चिरलेला सिंबल भंगाराच्या भावात. आपल्या सेटवर मात्र ती नळी आणि वरखाली नमदा आधी घाला. नळी नसेल तर त्या मापाच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडाही चालतो.

आता हेड. विकणारे जुनेच हेड पुसून देतात. मधोमध खड्डा पडलेला किंवा पांढरा थर उडालेला हेड सुरात येत नाही, मग माइक कितीही भारी असो. स्नेअरवर एकपदरी १० मिल जाडीचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा. टॉमवर दुपदरी, ७ मिलचे दोन पदर. ते जास्त टिकतात आणि कमी झणझणतात. स्नेअरच्या खालचा हेड ३ मिलचाच हवा. तिथे जाड हेड बसवलेले सेट सर्रास दिसतात आणि मग तारा बोलतच नाहीत म्हणून तक्रार असते. तारांची दोरी तुटली असेल तर जुन्या हेडमधून बोटभर रुंद पट्टी कापून लावा, पक्की बसते. नवे हेड नागपूरहून किंवा कुरिअरने मागवावे लागतात. त्यांचा पूर्ण खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करूनच बोला. हेड धरून एकूण रक्कम नव्या सेटच्या निम्म्यावर जात असेल तर जुना घेण्यात राम नाही.

ताणताना सगळे स्क्रू आधी बोटांनी टेकवा, मग समोरासमोर अर्धा-अर्धा आटा. तळहाताने मध्ये दाबून हेड बसवा. प्रत्येक स्क्रूपासून बोट-दीड बोट आत टिचकी मारून सूर सारखा करा. टॉमचा खालचा हेड वरच्यापेक्षा किंचित चढा ठेवा. किकमध्ये दोन्ही हेडना जेमतेम टेकेल एवढी एक घडी केलेली वाकळ. पूर्ण भरू नका, नाहीतर पुठ्ठ्याचं खोकं वाजल्यासारखं होतं.

रेकॉर्डिंगसाठी झूम एच६ निवडायचं कारण वीज. चार एक्सएलआर (माइकच्या केबलीचे) इनपुट, वर स्वतःचा एक्सवाय स्टीरिओ माइक, मिळून सहा ट्रॅक. आणि हे सगळं चार पेन्सिल सेलवर किंवा पॉवर बँकेवर. कॉम्प्युटर इंटरफेसही (माइक कॉम्प्युटरला जोडायचे डबे) चांगले आहेत, पण जिथे अर्थिंगच नाही तिथे पन्नास हर्ट्झची गुणगुण येते. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर घरघर ठरलेली. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन तोडणारे आहेत. ते करू नका, शॉक बसतो. डायनॅमिक माइकना फँटम पॉवर (रेकॉर्डरने माइकला पुरवायची वीज) लागत नाही, म्हणून सेलही टिकतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर सहा ट्रॅक तासाला सुमारे ३.१ जीबी खातात, ३२ जीबीच्या कार्डात दहा तास बसतात.

माइकांत नकली माल फार. शूरचा एसएम५७ खरा असेल तर २८४ ग्रॅम भरतो आणि एसएम५८ २९८ ग्रॅम. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पहा, बराच हलका भरला तर नको. दोन्हींच्या आतली कॅप्सूल एकाच घराण्याची. साउंड सर्व्हिसवाल्याकडे ५८ पडून असतात, त्यांची जाळी काढून टॉमवर लावले तर ५७ च्या जवळ जातात. किकला मात्र वेगळा माइक घ्या, एकेजी डी११२ सारखा.

किकचा माइक पुढच्या हेडच्या भोकातून आत, बीटरपासून (पायाच्या पेडलचा टोला मारणारा गोळा) चार बोटांवर ठेवला तर टोला स्पष्ट येतो. भोकाच्या तोंडाशी ठेवला तर घुमारा वाढतो. स्नेअरचा ५७ रिंगच्या वर दोन बोटं, थोडा तिरका, मध्याकडे रोखलेला आणि त्याची पाठ हाय-हॅटकडे. हा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. तिसरा दोन टॉमच्या मध्ये, चौथा फ्लोअर टॉमवर. एच६ स्वतः उंच स्टँडवर, स्नेअरपासून साधारण मीटरभर वर, तोंड खाली. स्नेअर आणि किक दोन्ही त्याच्या मधल्या रेषेवर येतील असं वळवा, नाहीतर स्नेअर एका कानात जाऊन बसतो. सुतळीने अंतर मोजून स्नेअर आणि किकच्या बीटरपासून ते सारखं ठेवा. एच६ ला पाव इंची स्क्रू लागतो आणि चार केबलींचं वजन त्याला ओढतं, म्हणून केबली स्टँडला बांधा. सगळ्यात जोराचा टोला उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या. लाल होत असेल तर त्या इनपुटचा पॅड (आवाज कमी करणारं बटण) लावा. नंतर कॉम्प्युटरवर स्नेअरच्या ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वरखाली दिशा, उलटसुलट करून ऐका आणि भरीव वाटेल ती ठेवा. मीटरभर अंतराने आवाज एच६ पर्यंत तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो, सगळा घोळ त्याचाच.

खोली निवडताना स्लॅबची रिकामी खोली टाळा. दिवाळीनंतर कापूस भरलेली खोली मिळाली तर तिच्यासारखी जागा नाही, चार फुटी ढीग खालचे सूरही बऱ्यापैकी गिळतो. तिथे हॅलोजन, विडी आणि उघड्या जोडाची वायर अजिबात नको, शिवाय कापसाची धूळ माइकच्या जाळीत बसते. उन्हाळ्यात कूलर आणि पंखा बंद ठेवावाच लागतो, म्हणून सकाळी आठच्या आत उरका. टिनाखाली छताशी वाकळ ताणली तरी पावसाच्या आवाजापुढे तिचा काही उपयोग होत नाही.

खंजिरी भजनाचं मंडळ असेल तर ड्रमसेटच्या भानगडीत पडू नका. एच६ आणि दोन ५७ घ्या, एक खंजिरीला आणि एक गाणाऱ्याला, हार्मोनियम एक्सवायमध्ये आपोआप येते.