‘डबल बोन’ बसवून देतो म्हणाला आणि आमच्या ब्रुनोचे हाल केले

घरात जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, रॉटवायलर किंवा ग्रेट डेनचं पाच-सहा महिन्यांचं पिल्लू असेल, तर हे जरूर वाचा. आमचे १८,६०० रुपये गेले. पण त्याहून जास्त, ब्रुनोला जे सोसावं लागलं ते मनातून जात नाही.

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलाची फार इच्छा होती म्हणून जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. विकणाऱ्याने आधी २०,००० सांगितले, मग ‘हे डबल बोनचं, म्हणजे जाड हाडाचं आहे, ताई’ म्हणून वर आणखी ८,००० घेतले. जाडजूड पाय आणि गुबगुबीत पंजे बघून आम्हाला ते पटलं. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर वंशावळ असते, ‘डबल बोन’ नावाचा रकाना नसतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आम्हीही कागद मागितला नाही.

पाचव्या महिन्यानंतर ब्रुनो ओळखू येईना. पाय नुसते लांब झाले, छाती मात्र अरुंदच राहिली. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच दिसायची, बरगड्या हाताला लागायच्या. कान दोन्ही उभे राहिले होते, पण दात पडायला लागले आणि डावा कान पुन्हा खाली आला. पळताना मागचे पाय पुढच्यांत अडकून पडायचा. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, ‘काही खायला देत नाही का याला?’ सासूबाई दोन पोळ्या जास्त भिजवून ठेवायला लागल्या. मला रात्री झोप लागत नव्हती. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

सोसायटीतल्या दोन कुत्र्यांना शिकवायला एक माणूस यायचा. एका संध्याकाळी त्याने स्वतःहून ब्रुनोचा पुढचा पाय हातात घेतला, अंगठा आणि बोट त्याच्याभोवती फिरवून मला दाखवलं. ‘बघा ताई, बोटात मावतंय. डबल बोन होता ना? गेला. कॅल्शियम दिलं नाहीत तुम्ही. दोन महिन्यांत बसवला नाही तर हा मागून बसेल.’

मागून बसेल म्हणजे मागचे पाय कायमचे जातील. हे ऐकल्यावर मी पुढचा विचारच केला नाही.

पांढऱ्या पावडरच्या दोन बरण्यांचे ६,४०० घेतले, बरणीवर नाव नाही, तारीख नाही. ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे द्यायची. त्याशिवाय आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं, प्रत्येकी १,२००. ती तो खाली पार्किंगमध्ये, बाकावर बसूनच द्यायचा. बाटलीचं लेबल नखाने खरवडल्यासारखं होतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘इम्पोर्टेड माल आहे, असाच येतो.’ शिवाय ताकद यावी म्हणून रोज सर्व्हिस रोडवर स्कूटरमागे पळवायला सांगितलं. मुलगा आठ-दहा दिवस पळवत होता.

मग ब्रुनो लंगडायला लागला. आधी पुढचा उजवा पाय, तो बरा होतोय तोवर डावा. इंजेक्शन दिलं की तीन-चार दिवस छान चालायचा, नंतर पुन्हा तेच. भांडंभर पाणी प्यायचा आणि शिकवलेला कुत्रा असून रात्री हॉलमध्ये लघवी करायचा, मग कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून बसायचा. त्या माणसाचं उत्तर ठरलेलं: ‘बोन बसतोय, दुखणारच.’

सहावं इंजेक्शन झाल्यावर त्याने खरी गोष्ट काढली. ‘ताई, हा प्युअर नाही, मिक्स आहे, म्हणून औषध लागत नाही. हा मला द्या, वर १५,००० भरा, शो क्वालिटीचं पिल्लू देतो.’ फोनवर फोटो दाखवला. आणि मी, सांगतानाही जीव जळतो, ५,००० रुपये आगाऊ पाठवले. रात्री यजमानांनी त्याला फोन करून नव्या पिल्लाचे कागद आणि मायक्रोचिपचा नंबर विचारला. त्याने फोन ठेवला, तो परत उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रुनोला गाडीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी पायाच्या सांध्यांना नाही, लांब हाडाच्या मधोमध दाबलं आणि ब्रुनो कळवळून ओरडला. मग एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाजवळ एक काळी रेघ होती. मला वाटलं मोडलंय. ‘ती वाढीची जागा आहे,’ डॉक्टर म्हणाले, ‘इथे अजून कूर्चा, म्हणजे मऊ, कच्चं हाड आहे. मोठ्या जातीत ती भरून यायला साधारण दीड वर्ष लागतं.’ हाडाच्या पोकळीत पांढुरके डाग होते, तो पॅनॉस्टायटिस. वाढीच्या वयातलं हाडांचं दुखणं, जर्मन शेफर्डमध्ये पुष्कळ दिसणारं. एका पायातून दुसऱ्या पायात जातं, विश्रांतीने आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकाने निभतं, वय वाढलं की आपोआप थांबतं.

आणि ते लांब पाय, उंच पार्श्वभाग, अरुंद छाती? या वयात असंच दिसतं. आधी उंची वाढते, छाती आणि अंग नंतर भरतं, अगदी दोन-अडीच वर्षांपर्यंत. दात येताना कानही खालीवर होतात. ब्रुनोला कॅल्शियमची कमतरता कधीच नव्हती. तो पिल्लांचं तयार खाणं खात होता आणि त्यात ते मोजून घातलेलं असतं. वरून दिलेलं जादा कॅल्शियम मोठ्या जातीच्या पिल्लांना घातक ठरतं, कारण कूर्चेचं हाड होण्याच्या कामातच बिघाड होतो. पिल्लू जाड करायला जास्त खाऊ घालणंही तितकंच वाईट, आणि स्कूटरमागे पळवणं तर कच्च्या सांध्यांवर अत्याचार. इंजेक्शनात स्टेरॉइड असावं असा डॉक्टरांना संशय आला. पण बाटली हाती नव्हती.

पशुवैद्यक नसलेल्याने जनावराला इंजेक्शन देणं हा किरकोळ प्रकार नाही. १९८४च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्यानुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच उपचार करता येतात. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खरा डॉक्टर लगेच सांगतो. मी तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर सहा सुया वाचल्या असत्या.

ब्रुनो आता चौदा महिन्यांचा आहे. वजन ३३ किलो, दोन्ही कान उभे. छाती भरायला लागलीय. थंडीत सकाळी उठताना पुढचा उजवा पाय थोडा जपून टाकतो, डॉक्टर दर तीन महिन्यांनी तो बघतात. तो माणूस आमच्या सोसायटीत पुन्हा आला नाही, पण मानपाड्याकडे दिसल्याचं वॉचमनने सांगितलं. पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि न उघडलेली दुसरी बरणी जोडून आम्ही पोलिसांत अर्ज दिला आहे. घोडबंदर पट्ट्यात तुम्हालाही कुणी अशी बिननावाची पांढरी पावडर दिली असेल, तर ती फेकू नका, ठेवून द्या आणि पोलिसांत जा. तक्रारी दोन-चार झाल्या तर त्याला धरणं सोपं जाईल.