विद्यापीठाच्या मटेरियल लॅबमध्ये कास्टिंग तपासून घेताना: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, धातूतली मूलद्रव्यं मोजणारा स्पेक्ट्रो असतो, हार्डनेस टेस्टर असतो, साधा मायक्रोस्कोपही असतो. रोजचं काम त्यावर भागतं. पण गिऱ्हाइकाकडे मशिनिंग करताना कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) भोक उघडं पडलं आणि ते ब्लो होल (अडकलेल्या वायूचं भोक) की श्रिंकेज (धातू आटून पडलेली पोकळी), हा वाद सुरू झाला की ही यंत्रं पुरत नाहीत. तिथे लागतो एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. हे यंत्र विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. विद्यापीठांच्या लॅबमध्ये मात्र ते असतं आणि पैसे भरून उद्योगांनाही वापरता येतं.

शोधाशोध करताना आय-स्टेम पोर्टलचा उपयोग झाला. जानेवारी 2020 मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं कुठे आहेत ते दिसतं. मुंबईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात 'सैफ' ही प्रगत उपकरणांची केंद्रं आहेत, पुण्याच्या विद्यापीठातही मध्यवर्ती उपकरण विभाग आहे. आम्ही ज्या लॅबमध्ये जातो तिचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिल्या आहेत.

आमचा प्रश्न एसजी आयर्नच्या (गोलाकार ग्राफाइट असलेल्या ओतीव लोखंडाच्या) हाउसिंगचा होता. सगळ्यांचा संशय कोअरवर, म्हणजे आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या ठोकळ्यावर. वाळू बांधणारं रेझिन जास्त पडतंय, कोअर ओला राहतोय, त्याचा वायू होतोय, असं म्हणत बोलणी कोअर शॉपच्या पोरांनाच बसायची. लॅबमधल्या मॅडमनी पहिल्याच फोनवर विचारलं, "टेस्ट कुठली ते राहू द्या, तुम्हाला नक्की काय शोधायचंय?" सगळा किस्सा ऐकून त्या म्हणाल्या की भोकाची आतली भिंत बघू. वायूमुळे झालेल्या भोकाची भिंत सहसा गुळगुळीत असते. श्रिंकेजमध्ये धातू आटत जातो आणि शेवटचा रस पोचत नाही, त्यामुळे भिंतीवर डेंड्राइट उघडे पडतात, झाडाच्या फांद्यांसारखे. आमच्या फोटोत या फांद्या ठळक दिसल्या. म्हणजे प्रश्न फीडिंगचा, आटणाऱ्या धातूला जादा रस पुरवण्याचा होता, कोअरचा नव्हता. रायझरची (जादा रस साठवणाऱ्या भागाची) जागा आणि गेटिंग (रस साच्यात नेणाऱ्या वाटा) बदललं, रिजेक्शन उतरलं. तो फोटो मी कोअर शॉपमध्ये लावला आहे. ज्यांच्यावर आळ येत होता त्यांना तो रोज दिसायला हवा.

सँपल नेण्याआधीची काळजी कुणी लिहून देत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. तुकडा लहान कापा, पण बघायची जागा करवतीपासून लांब ठेवा. तुटलेल्या पृष्ठभागाला बोट लावू नका आणि दोन तुटके भाग पुन्हा जुळवून बघू नका, घासले की पुरावा गेला. कूलंटचं तेल असेल तर अ‍ॅसिटोनने काढा आणि तुकडा सिलिका जेलसकट बंद डबीत ठेवा. आमचा माणूस सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने डबी घेऊन पुण्याला जातो, आणि तेवढ्या प्रवासातही दमट हवेत ताज्या लोखंडावर गंज धरतो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे काही लॅब आधीच नाही म्हणतात, तेव्हा फोनवरच विचारून घ्या. एसईएमला जोडलेल्या ईडीएसवर कुठली मूलद्रव्यं आहेत ते कळतं. मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाच जागी दिसले तर ड्रॉसचा (धातूत अडकलेल्या मळीचा) संशय घ्यायचा. मात्र कार्बनचं प्रमाण ईडीएसवरून ठरवू नका, त्यासाठी आपला स्पेक्ट्रोच बरा. एक्सआरडीचंही (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीचंही) तसंच. बऱ्याच ठिकाणी तांब्याची ट्यूब असते, तिच्यात लोखंड स्वतःच क्ष-किरण सोडून चमकतं आणि आलेखात मागचा गोंधळ वाढतो. शिल्लक ऑस्टेनाइट (लोखंडाचं एक स्फटिकरूप) मोजायचं असेल तर कोबाल्टची ट्यूब आहे का, हे विचारा.

आता तक्रारी. वेळेचा भरवसा नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि प्रबंध संपत आले की बाहेरच्या कामाचा नंबर मागे जातो, मशीन बंद पडलं तर दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत सगळं थांबतं. विद्यार्थ्यांना आधी जागा मिळावी हे मला मान्य आहे, मशीन त्यांच्यासाठीच घेतलेलं असतं. पण तारीख पुढे गेल्याचा निरोप तरी यावा. आमची माणसं दारात उभी राहिल्यावर तो कळला आहे. रिपोर्टही निव्वळ फोटो आणि आलेखांचा येतो. त्याचा अर्थ सांगणारी दोन वाक्यं हवी असतील तर सर किंवा मॅडमशी बसून बोलावं लागतं, आणि खरा फायदा त्याच बोलण्यात आहे. शिवाय आमची लॅब एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त नाही. वाहन उद्योगातल्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर असा रिपोर्ट ठेवून घेत नाही, त्याच्यासाठी खासगी मान्यताप्राप्त लॅबमधून वेगळी चाचणी करावी लागते. उद्योगांचा दर विद्यार्थ्यांच्या दरापेक्षा बराच जास्त असतो, तरी एक लॉट परत येण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

माझ्या ओळखीचे एक टॉवेल कारखानदारही आता याच वाटेने जातात. सुती म्हणून घेतलेल्या धाग्यात पॉलिस्टर मिसळल्याचा संशय होता. एफटीआयआरवर (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर) 1715 सेमी⁻¹ च्या आसपास पॉलिस्टरची खूण दिसली आणि धागा देणाऱ्याशी बोलणं सोपं झालं.

2004 मध्ये सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं. इथले एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्पाचे विषय शोधत असतात, आणि आमच्याकडे रेझिनचा वायू, वाळूचा पुनर्वापर, रायझर असे विषय नुसते पडून आहेत. कुणी सर विद्यार्थ्यांना घेऊन शॉपवर आले तर मी हीट (वितळलेल्या धातूची खेप) ओतताना उभं करून सगळं दाखवीन, आणि सँपल माझ्या खर्चाने देईन.