रोजची पहाट की सलग महिना? पहिल्या कादंबरीसाठी दोन वाटांची तुलना

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका शिक्षिकेने मला विचारले, "ताई, दिवाळीची सुट्टी आणि तिला जोडून बिनपगारी रजा घेऊन महिनाभरात कादंबरी हातावेगळी करू, की रोज पहाटे उठून थोडी थोडी लिहू?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. नोकरी, स्वयंपाकघर, मुलांच्या परीक्षा आणि सासर-माहेरच्या कार्यांतून वेळ काढून ज्यांना पहिली कादंबरी लिहायची आहे, त्या बहुतेकांपुढे शेवटी याच दोन वाटा उरतात. मी एकाच कादंबरीसाठी आधी एक वाट चालले आणि नंतर दुसरी, त्यामुळे दोन्हींचा हिशेब मांडण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे मी मानते.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब पाहते आणि माझी कादंबरी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, राबणाऱ्या हमालांची आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या दराच्या बातम्याही रोज छापून येतात. पण ती हळद जिथे वर्षानुवर्षे जमिनीखाली साठवली जाई, त्या पेवांत उतरणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि २००५ च्या महापुरानंतर पेवांचीही दुर्दशा झाली. माझ्या लेखनाचा सगळा आधार अशा वयस्क माणसांच्या आठवणींवर होता आणि माझ्या बाबतीत निर्णय अखेर याच गोष्टीने केला.

आधी आकडे पाहू. छापील २०० पानांच्या मराठी कादंबरीत साधारण ६०,००० शब्द असतात. हाताने लिहिताना मला तासाला सरासरी ३५० शब्द जमतात. पहाटेचा एक तास आणि महिन्यातल्या २४ पहाटा धरल्या, तर महिन्याला ८,४०० शब्द होतात. म्हणजे कागदावर सात महिन्यांचे काम. आजारपणे, पाहुणे आणि मार्चअखेरचे हिशेब यांची गळती धरल्यावर मला प्रत्यक्षात अकरा महिने लागले. महिनाभराच्या मार्गाचा आकडा मी अमेरिकेतून उचलला होता. तिथे १९९९ साली २१ जणांनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा उपक्रम सुरू केला, पुढे तो नोव्हेंबरचा म्हणून जगभर पसरला आणि २०२५ मध्ये तो चालवणाऱ्या संस्थेने आपले काम थांबवल्याचे जाहीर केले. तीस दिवसांत ५०,००० म्हणजे रोज १,६६७ शब्द. माझ्या फुलस्केप पानावर २२० शब्द बसतात, तेव्हा रोज साडेसात पाने, म्हणजे जवळपास पाच तास. पहिले तीन दिवस मी ती पाने भरली. सातव्या दिवशी चार पानांवर बोटे आखडली आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे काय लिहायचे, तेच संपले.

खर्चाचा हिशेबही वेगवेगळा आहे. सलग महिन्याची किंमत एका पगाराएवढी असते आणि ती एकदाच, उघडपणे मोजावी लागते. पहाटेची किंमत झोपेत मोजावी लागते. पावणेपाचला उठायचे तर रात्री दहाला आडवे व्हावे लागते, म्हणजे घरात जेवणानंतर रंगणाऱ्या गप्पा आणि टीव्ही यांतून स्वतःला उठवून घ्यावे लागते, आणि हे अकरा महिने करावे लागते. माझ्या मते दुसरी किंमत अधिक आहे. फक्त ती एकरकमी नसल्यामुळे जाणवत नाही.

घराचा विचार मात्र पहाटेच्या बाजूने झुकतो. रजेच्या महिन्यात मी घरी आहे, हे कळल्यावर दुसऱ्याच दिवसापासून "तू रजेवरच आहेस ना" हे वाक्य सुरू झाले. गॅसचा नंबर लावणे, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणे, तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेल्या लग्नसराईतील कार्यांना हजेरी लावणे, हे सगळे माझ्याकडे आले आणि त्यात कुणाचा दोषही नव्हता, कारण दिवसा घरात असलेल्या बाईचा वेळ मोकळा असतो, असे आपल्याकडे सगळेच धरून चालतात, ती बाईसुद्धा. पावणेपाच ते पावणेसहा या वेळेत मात्र कुणीही काही मागत नाही. पाण्याची मोटर सहाला लावायची, डबे साडेसहाला करायचे आणि त्याआधीचा तास हा घरात कुणाच्याच मालकीचा नसतो. ज्यांना घराबाहेर, म्हणजे एखाद्या नातेवाइकाच्या रिकाम्या घरी किंवा रानातल्या खोलीवर महिना काढता येईल, त्यांना ही अडचण नाही. त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तयारी. वेळेचा प्रश्न आपण नेहमी लिहिण्याच्या वेळेचा म्हणून मांडतो, पण कादंबरी लिहायला बसल्यावर जो वेळ सर्वाधिक लागतो, तो माहीत नसलेली गोष्ट माहीत करून घेण्याचा असतो. माझ्या रजेचा अकरावा दिवस होता. त्या दिवशी माझ्या नायकाचा धाकटा भाऊ रात्री पेवाचे तोंड उघडून दोराने खाली उतरतो आणि हळदीच्या पोत्यांमागे लपवलेली एक वस्तू पाहतो, असा प्रसंग लिहायचा होता. पेव उघडल्यावर नेमके काय करतात, हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायला जाण्याएवढी सवड त्या दिवसाच्या साडेसात पानांत नव्हती. मी कल्पनेने लिहिले. झाकण सरकवले, दोर सोडला, माणूस उतरला. पुढची ४३ पाने त्या एका उतरण्यावर उभी राहिली.

महिना संपल्यावर मी हरिपूरला गेले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालाला मी तो प्रसंग वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, "पोरी, पेव उघडलं की लगीच कोन उतरतंय? आदी तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. वात बारीक झाली, की मानूस वरच." बंद पेवात माणसाला पुरेल एवढा प्राणवायू नसतो, हे एकदा कळले की सगळे सरळ आहे; पण माझ्या कथानकातले रहस्य त्या भावाच्या झटपट उतरण्यावर बेतलेले होते आणि ती ४३ पाने बाद झाली. त्याच वाक्याने मला कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंगही दिला. पेवाच्या अरुंद तोंडाभोवती चार माणसे ओणवी उभी आहेत, खाली सोडलेल्या कंदिलाकडे पाहत आहेत, कुणी बोलत नाही, ज्योत थोडी थरथरते आणि स्थिर राहते. हे माझ्या मेजावर बसून मला कधीही सुचले नसते.

दुसऱ्या खेपेला मी पहाटे लिहू लागले, तेव्हा हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटत गेली. पहाटे अडले की ती जागा रिकामी सोडून प्रश्न वहीत लिहायचा, दुपारी यार्डात एखाद्या जुन्या तोलाईदाराला विचारायचा किंवा संध्याकाळी हरिपूरला जाऊन यायचे आणि दुसऱ्या पहाटे ती जागा भरायची. पहाटेच्या मार्गात लेखनाच्या दोन तासांमध्ये २३ तासांचे अंतर असते आणि ते अंतर वाया जात नाही. तयारी त्यातच होते. सलग महिन्यात ते अंतर नसते, म्हणून तिथे तयारी आधीच पुरी झालेली असावी लागते.

महिनाभरात लिहून झालेल्या कादंबऱ्यांची उदाहरणे देणारे लोक हीच बाजू विसरतात. रशियन लेखक दस्तयेवस्की यांनी १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये 'द गॅम्बलर' ही कादंबरी लघुलेखिकेला तोंडी सांगून २६ दिवसांत पुरी केली, हे खरे आहे. प्रकाशकाशी केलेल्या करारामुळे १ नोव्हेंबरची मुदत त्यांच्या डोक्यावर होती. परंतु जुगाऱ्याच्या त्या कथेची कल्पना त्यांनी १८६३ मध्येच एका पत्रात सविस्तर लिहून ठेवली होती आणि जुगाराच्या मेजाचा अनुभव त्यांना स्वतःलाच पुरेसा होता. म्हणजे २६ दिवसांच्या मागे तीन वर्षे होती. पहाटेच्या बाजूचे उदाहरण इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांचे आहे. ते टपाल खात्यात अधिकारी होते. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्यांचा नेम त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. वेळेवर कॉफी आणून उठवण्यासाठी ते एका जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत. त्यांच्या शब्दांच्या वेगाकडे पाहून दडपून जाऊ नये. उचलण्यासारखी गोष्ट पुढची आहे. त्यांच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात जाई, लेखनाचा सूर कानात बसावा म्हणून.

पहाटेच्या मार्गाचा खरा दोष इथेच आहे आणि तो लपवू नये. रोज एकच तास लिहिले की सूर तुटतो. माझ्या पाचव्या प्रकरणातला नायक जरा पुस्तकी बोलतो आणि आठव्यातला हरिपूरचा वाटतो, कारण मधल्या सहा आठवड्यांत माझाच कान बदलला होता. सलग महिन्यात, मधल्या सगळ्या चुका धरूनही, बाराव्या दिवसानंतर पात्रे आपणहून बोलू लागली होती. हाताला लिहिण्याआधी वाक्य ऐकू येत होते आणि त्या दिवसांतले संवाद मी शेवटच्या खर्ड्यातही जवळपास तसेच ठेवले. ती लय एका तासाच्या बैठकीत मला एकदाही मिळाली नाही. उपाय म्हणून मी आदल्या दिवसाचे शेवटचे पान हळू आवाजात वाचून मग लिहू लागले. त्यात दहा मिनिटे जातात, पण त्याने अर्धेअधिक नुकसान भरून येते.

रविवारी एकदम चार तास बसण्याची तिसरी वाटही काही जण सांगतात. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकातून आठवड्याच्या हप्त्यांनी येत होत्या, हे खरे असले तरी तिथे अंक छापायला जायचा असे आणि वाचक वाट पाहत असत. आपल्या रविवारची वाट कुणी पाहत नाही. पहिला तास गेल्या रविवारचे आठवण्यात जातो आणि एखादा रविवार चुकला की पंधरा दिवस जातात. मी ही वाट सुचवणार नाही.

सांगलीत राहणाऱ्यांनी वेळापत्रक आखताना नदीही ध्यानात घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली, की गावभागातल्या आणि नदीकाठच्या घरांत लेखन होत नाही, सामान माळ्यावर चढवणे होते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना हे सांगण्याची गरज नाही. रजेचा महिना त्या दोन महिन्यांत ठेवू नये आणि वह्या कोणत्याही ऋतूत असल्या तरी दर शनिवारी पानांचे फोटो काढून दुसऱ्या गावातल्या भावाला किंवा बहिणीला पाठवून ठेवावेत. म्हाताऱ्या माणसांनी एकदा सांगितलेले पुन्हा सांगायला ती माणसे असतीलच, असे नाही. मला कंदिलाचे सांगणारे ते हमाल माझी कादंबरी पुरी होण्याआधीच गेले.

निर्णय करताना म्हणून मी शब्दसंख्येपेक्षा प्रश्नांची वही पाहायला सांगते. लिहायला बसण्याआधी पंधरा दिवस फक्त एक वही ठेवावी आणि कथेत जिथे जिथे "हे नेमके कसे करतात?" असे वाटेल, तो प्रत्येक प्रश्न तीत लिहावा. त्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्याच आयुष्यात असतील, म्हणजे कथा आपल्या घरातली, आपल्या नोकरीतली, एकाच निवेदकाच्या तोंडची असेल, तर सलग महिना घ्यावा. तिथे सुराचे महत्त्व सगळ्यात जास्त आहे आणि रजा वाया जाणार नाही. उत्तरे दुसऱ्यांच्या हातांत आणि आठवणींत असतील, तर पहाट धरावी. आणि रजा मिळण्यासारखी असेलच, तर ती सुरुवातीला खर्च न करता शेवटच्या चौथ्या भागासाठी राखून ठेवावी, जेव्हा विचारायचे सगळे विचारून झालेले असते आणि फक्त लिहायचे उरते. मी तशी दहा दिवसांची रजा अखेरीस घेतली आणि माझी शेवटची तीन प्रकरणे एका सुरात उतरली.

मिरजेच्या त्या शिक्षिकेची कादंबरी तंतुवाद्ये बनवणाऱ्या एका घराची आहे. तिने वही आणून दाखवली, तेव्हा तीत ३७ प्रश्न होते. त्यांतले २९ असे होते, की ज्यांची उत्तरे तिच्याजवळ नव्हती आणि पुस्तकांतही सापडणार नव्हती. पहिलाच प्रश्न होता, तंबोऱ्याचा भोपळा कापण्याआधी तो पुरेसा वाळला आहे, हे कारागीर हाताने कसे ओळखतात. सतारमेकर गल्ली तिच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि शाळा सुटल्यावर तिथली दुकाने उघडीच असतात. तिने रजेचा अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता. तो मी तिला परत पर्समध्येच ठेवायला सांगितला आणि त्या संध्याकाळी ती वही घेऊन गल्लीत गेली.