केंद्राचा कॉम्प्युटर ॲडव्हान्स: व्याज हलकं, मर्यादा तोकडी

सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बऱ्याच उचली बंद झाल्या. मोटार आणि मोटारसायकलसाठी मिळणारे ॲडव्हान्सही गेले. व्याजी उचलींमध्ये दोनच शिल्लक राहिल्या, घरबांधणीची आणि संगणकाची. त्यातली दुसरी फारसं कुणी मागत नाही, आणि हे नुकसानीचं आहे.

7 ऑक्टोबर 2016 च्या अर्थ मंत्रालयाच्या आदेशानुसार 50,000 रुपये किंवा संगणकाची प्रत्यक्ष किंमत, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. सगळे सरकारी कर्मचारी पात्र आहेत. संपूर्ण सेवेत जास्तीत जास्त पाच वेळा ती घेता येते.

या योजनेचं खरं बळ व्याजाच्या आकारणीत आहे. पगारातून आधी फक्त मुद्दल कापलं जातं आणि ते फिटल्यावर व्याजाचे हप्ते सुरू होतात. दर महिन्याच्या अखेरीस जेवढं मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच सरळव्याज. व्याजावर व्याज नाही. दर अर्थ मंत्रालय वर्षाच्या हिशेबाने जाहीर करतं. समजण्यापुरता 9 टक्के धरू. 50,000 रुपये दरमहा 2,000 च्या 25 हप्त्यांत फेडले, तर एकूण व्याज साधारण 4,875 रुपये होतं. 1,000 च्या 50 हप्त्यांत तेच 9,560 च्या आसपास जातं. हप्ता 334 रुपयांवर आणून परतफेड 150 महिन्यांपर्यंत ताणली, तर व्याजच 28,000 च्या वर. साडेबारा वर्षं! तोवर तो संगणक भंगारात गेलेला असतो आणि पगारातली कपात मात्र चालूच. म्हणून अर्जात हप्त्यांची संख्या स्वतः लिहा, दोन-अडीच वर्षांच्या आतली. तो रकाना कोरा सोडू नका.

दुकानातल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’शी तुलना करायची तर छापील अटी वाचाव्या लागतात. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी ग्राहकाच्याच माथी. तरीही सहा महिन्यांत फेडायची ऐपत असेल, तर कागदपत्रांचा खटाटोप वाचवून ईएमआय घेणं बरं. एकदम मोठा हप्ता झेपत नाही, दोन वर्षं तरी लागतील, अशांसाठी ॲडव्हान्स चांगला.

आता अडचणी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी खरेदी करून मग अर्ज करणं. पैसे चुकते करून घेतलेल्या वस्तूवर उचल मिळत नाही, त्यामुळे बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची असली की प्रकरण तिथेच संपतं. क्रम असा ठेवा: दुकानातून स्वतःच्या नावाचं कोटेशन, कार्यालय प्रमुखांमार्फत अर्ज, मंजुरी आदेश, करारनामा, मग रक्कम हातात, आणि त्यानंतर महिन्याभरात खरेदी. अस्थायी कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्याचा जामीन लागतो. बिल मुलाच्या किंवा पत्नीच्या नावावर नको. ऑनलाइन घेताना हे हमखास घडतं, कारण घरातल्या ज्याच्या खात्यावरून ऑर्डर जाते त्याचं नाव बिलावर उमटतं. बिल उचलीपेक्षा कमी आलं तर फरक लगेच परत भरायचा असतो. अर्ज फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवू नका. त्या वर्षाची तरतूद संपलेली असली, तर फाइल एप्रिलपर्यंत पडून राहते.

मर्यादेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 50,000 चा आकडा 2016 चा आहे आणि संगणकावर 18 टक्के जीएसटी याच रकमेतून जातो, म्हणजे मूळ किंमत जेमतेम 42,370 रुपयांची धरावी लागते. एवढ्यात 8 जीबी रॅम बोर्डावरच पक्की बसवलेला लॅपटॉप गळ्यात मारला जातो आणि पुढे तो वाढवता येत नाही. रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेलं मॉडेल मागा, किंवा डेस्कटॉप घ्या. वरचे पाच-सात हजार खिशातून घालावे लागले तरी चालतील. आठव्या वेतन आयोगापुढे कर्मचारी संघटनांनी ही मर्यादा दुप्पट करण्याची मागणी जोरात रेटली पाहिजे.

बदली झाल्यास जुन्या कार्यालयाने दिलेल्या अंतिम वेतन प्रमाणपत्रात शिल्लक मुद्दल, राहिलेले हप्ते आणि तोवरचं व्याज या तिन्ही नोंदी आहेत का, हे स्वतः पाहा. पुणे सोडून नागपूरला गेलेल्या माणसाची कपात यातली एखादी नोंद राहून गेल्यापायी थांबते आणि शिल्लक मुद्दलावर व्याज चढत राहतं. निवृत्ती जवळ असेल तर हप्ते त्याआधी संपतील असेच बेता, नाहीतर उरलेली रक्कम ग्रॅच्युइटीतून वळती होते. शेवटचा व्याजाचा हप्ता कापला गेल्यावर गहाणखत (उचल फिटेपर्यंत संगणक सरकारकडे गहाण असल्याचा दस्त) परत मागून घ्या. ते आपणहून कुणी आणून देत नाही.