रंगीत सुपर ८ की काळी-पांढरी स्टँडर्ड ८?

मित्राच्या मुलाचा परवा अमेरिकेतून फोन आला. ‘काका, घरी लावायला जुनी कार्टून फिल्मवर जमवायची आहेत. रंगीत बोलकी सुपर ८ घेऊ, की काळी-पांढरी मुकी स्टँडर्ड ८? दोन्हींत पैसे घालणं जमायचं नाही.’ मी न्यू जर्सीत एडिसनला एकोणीस वर्षं काढली आणि त्या काळात दोन्ही जमवली. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही ८ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मचे प्रकार. १६ मिमी रुंदीच्या फिल्मचा विचार बाजूला ठेवू. चित्र तिथलंच सर्वात देखणं, याबद्दल माझा वाद नाही. पण सात मिनिटांच्या कार्टूनला तिथे अडीचशे फूट फिल्म लागते, सुपर ८ मध्ये एकशे चाळीस फुटांत काम होतं. शिवाय १६चे प्रोजेक्टर जड, आणि फिल्मच्या किमती वेगळ्याच.

माझी सुरुवात सुपर ८ पासून झाली. हे गेज, म्हणजे फिल्मचं माप, १९६५चं. आधीच्या ८ मिमीपेक्षा, म्हणजे स्टँडर्ड ८पेक्षा, फिल्म ओढणारी कडेची भोकं लहान केली आणि त्या वाचलेल्या जागेत चौकट जवळजवळ दीडपट मोठी बसवली. दोनशे फुटांच्या रिळात अख्खं कार्टून, तेही आवाजासकट, आरामात मावतं. आवाज असणं ही लहान गोष्ट नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनमध्ये संगीतकार कार्ल स्टॉलिंगचा वाद्यवृंद प्रत्येक पावलाला, प्रत्येक घसरण्याला सूर देतो. तो काढून घेतला तर अर्धी गंमत जाते, हे मी मनापासून मान्य करतो. ज्याला संगीताची ओढ आहे त्याने माझं पुढचं म्हणणं थोडं कमी धरून वाचावं.

माझं मन फिरलं ते रंगामुळे.

गणपतीचे दिवस होते. आरतीनंतर मुलं बेसमेंटमध्ये जमली. मी भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि जंगलातलं एक कार्टून लावलं. डबा सुंदर होता, रिळावर ओरखडासुद्धा नव्हता. पडद्यावर झाडं गुलाबी, गवत गुलाबी, आभाळ फिकट गुलाबी. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, ‘काका, तिथे संध्याकाळ झालीय का?’ मी हो म्हणालो. दुसरं रीळ लावलं, तिथेही संध्याकाळ. तिसऱ्यात समुद्र होता, तोही गुलाबी. मुलं हसत होती, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षं शोधून, डबे बघून, पैसे साठवून घेतलेली ती रिळं होती.

त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रतींमध्ये रंगांचे तीन थर असतात. त्यातला निळसर-हिरवा, म्हणजे सायन, सर्वात आधी विटतो, पिवळाही हळूहळू मागे पडतो, आणि किरमिजी उरतो. रीळ लावलं म्हणून हे होतं असं नाही. अंधारात, बंद डब्यात, कुणी हात न लावतासुद्धा ते चालूच असतं. म्हणून ‘फारच कमी वेळा लावलेलं’ या विक्रेत्याच्या शब्दाला रंगाच्या बाबतीत किंमत देऊ नये. ‘वॉर्म टोन’, म्हणजे लालसर झाक, असं लिहिलेलं दिसलं तर मी तरी पुढे जात नाही.

उपाय करून पाहिले. भिंगापुढे सायन रंगाचा फिल्टर धरला की गुलाबी झाक कमी होते, पण जो हिरवा फिल्मवर उरलाच नाही तो काचेतून कसा येणार? सगळं करडं दिसतं. शंभर वॉटच्या दिव्याचा उजेड आधीच बेताचा, त्यातला बराच फिल्टर खातो. काही रिळं फ्रिजमध्ये ठेवली. थंडीने विटणं मंदावतं हे खरं, गेलेलं मात्र परत येत नाही.

त्याच सुमारास जुन्या सामानाच्या एका बाजारात स्टँडर्ड ८ची एक पेटी मिळाली. स्टँडर्ड ८ कोडॅकने १९३२मध्ये आणलं. चौकट लहान, भोकं मोठी, आणि कार्टूनच्या बहुतेक प्रती काळ्या-पांढऱ्या आणि मुक्या. मी फारशी आशा न ठेवता एक रीळ लावलं. काळा रंग शाईसारखा दाट, पांढरा लख्ख. वय सुपर ८च्या त्या रिळांपेक्षा निदान वीस वर्षांनी जास्त, पण काहीच विटलेलं नव्हतं. काळ्या-पांढऱ्या प्रतीत चित्र चांदीचं असतं. विटून जाईल असा रंग त्यात नसतोच.

पेटीत डिक आणि लॅरी नावाच्या जोडीची दोन रिळं होती. एक उंच, एक बुटका. ही मुळात व्हॅन ब्यूरेन स्टुडिओची १९३१ ते १९३३मधली टॉम आणि जेरी. त्याच नावाची मांजर-उंदराची जोडी गाजल्यावर गोंधळ नको म्हणून घरगुती प्रती विकणाऱ्या ऑफिशियल फिल्म्सने त्यांची नावं बदलली. अशा गोष्टी फक्त डब्यावरच्या चिठ्ठीतून कळतात, आणि मला त्या रिळाइतक्याच प्रिय आहेत.

मूकपटांच्या काळातली कार्टून असतील तर मुक्या प्रतीत काही हरवतच नाही. १९१९मध्ये आलेलं फेलिक्स मांजर, फ्लायशर बंधूंचा दौतीतून बाहेर येणारा कोको विदूषक, ही मंडळी मुळातच मुकी. बोलपटांच्या काळातल्या कार्टूनचं तसं नाही. ती सेकंदाला २४ चौकटींसाठी काढलेली, आणि मुकी प्रत आपण १६ किंवा १८ने चालवतो. पळापळ जरा सावकाश होते, सात मिनिटांचं कार्टून नऊ-दहा मिनिटं चालतं. प्रोजेक्टरला वेगाचं बटण असेल तर मी वाढवून लावतो.

आणखी एक उणीव सांगायलाच हवी. घरगुती प्रती खूप कापलेल्या असायच्या. पन्नास फुटी रीळ म्हणजे जेमतेम चार मिनिटं, त्यात गोष्टीची सुरुवात नाही, कधी शेवटही नाही. विनोदाची तयारी कापून नुसती धडपड ठेवलेली असते तेव्हा मला वाईट वाटतं. म्हणून शक्यतो दोनशे फुटी रीळ शोधावं. आयोवातल्या डॅव्हनपोर्टच्या ब्लॅकहॉक फिल्म्सचं दिसलं तर विचार न करता घ्यावं. त्यांनी जुन्या चित्रपटांच्या प्रती फार जपून काढल्या.

पुण्याला परत आल्यावर एक अडचण नव्याने कळली. तिकडचा प्रोजेक्टर इथे चालवायला बुधवार पेठेतून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. त्याने २३०चे ११० व्होल्ट होतात, पण ६० हर्ट्झवर चालणाऱ्या मोटरला वीज ५० हर्ट्झचीच मिळते. माझा सुपर ८ प्रोजेक्टर २४ऐवजी २०ने फिरू लागला. वाद्यवृंद खालच्या पट्टीत गेला, ससा घोगरा झाला. काही प्रोजेक्टरमध्ये पट्ट्याची पुली बदलायची सोय असते, माझ्यात नव्हती. मुक्या रिळांना याचा त्रास फारसा जाणवला नाही. इथे नातवंडं संवाद स्वतःच म्हणतात, दर वेळी वेगळे. डिक काय बोलला यावरून भांडणंही होतात.

आवाजाच्या रिळांबद्दल अजून एक. कडेची चुंबकीय पट्टी लोहाच्या ऑक्साइडची असते आणि अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म लवकर खराब व्हायला तिचा हातभार लागतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करावं. पावसाळ्यात बुरशी मात्र दोघांनाही सोडत नाही, रंगीत असो की काळं-पांढरं.

सुपर ८ घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. ऐंशीच्या दशकापासून कमी विटणारी फिल्म आली आणि त्यानंतरच्या प्रतींचे रंग मी आजही ताजे पाहिले आहेत. इंग्लंडमधल्या डडलीची डेरान २०११पर्यंत सुपर ८च्या प्रती विकत होती. त्यांच्या उशिराच्या प्रती महाग मिळतात, पण शंका न ठेवता घ्याव्यात. कोडॅक्रोम या सहसा न विटणाऱ्या फिल्मवर काढलेली जुनी रंगीत प्रत मिळाली तरी भाग्य समजावं. बाकी कुठलंही रंगीत रीळ घेताना पांढऱ्या कागदावर पसरलेल्या फिल्मचा उजेडातला फोटो मागावा. पहिल्या दोन फुटांचा नको, मधल्या भागाचा. हिरवं हिरवं दिसलं तरच पुढे बोलावं.

त्या मुलाला मी दोन्ही गेज चालणारा प्रोजेक्टर घ्यायला सांगितलंय, आणि रीळ चढवण्याआधी गेज बदलायचा खटका बघायला. चुकीच्या गेजवर लावलं तर भोकं फाटतात आणि ती पुन्हा नीट होत नाहीत. डिक आणि लॅरीचं एक रीळ माझ्याकडे दोनदा झालं होतं, पुढच्या आठवड्यात तिकडे जाणाऱ्या माणसाबरोबर ते त्याला पाठवतोय.