संडास धुण्याचं ॲसिड: सुटी बाटली, सीलबंद बाटली की लिंबाचं सत?

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचे तांबूस डाग संडासाच्या भांड्यावरून काढायला गोव्यात तीन गोष्टी मिळतात: सुटं ॲसिड, कंपनीचा दाट क्लीनर आणि सायट्रिक ॲसिडची पूड, म्हणजे लिंबाचं सत. डाग तिन्हींनी जातात. आम्ही गुण दिले ते दोन गोष्टी पाहून: घरात ठेवायला किती सुरक्षित, आणि उरलं तर टाकायचं कुठं. सेप्टिक टाकी आणि विहीर एकाच अंगणात असलेल्या घरांना दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

सुटं ॲसिड: 5 पैकी 1. हे हायड्रोक्लोरिक ॲसिड, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं. लेबल नाही, तीव्रता लिहिलेली नाही. झाकण घट्ट लावलं तरी वाफ सुटत राहते आणि शेजारची कात्री, पाना, नळाचे स्क्रू गंजतात. मोझॅकच्या लादीवर सांडलं की संगमरवरी खडी फसफसते. गेलेली चकाकी पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. डाग झटक्यात जातो, हे खरं. पण रात्री तहानलेल्या माणसाला ती बाटली पाण्याचीच दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानुसार ॲसिड विकताना ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करावी लागते आणि 18 वर्षांखालच्यांना ते विकता येत नाही. जिथं यातलं काहीच विचारत नाहीत, तिथून घेऊ नका.

सीलबंद क्लीनर: 5 पैकी 4. आम्ल तेच, पण पातळ केलेलं. टक्केवारी लेबलवर असते, ती वाचा. दाट असल्यामुळे भांड्याच्या कडेला चिकटून राहतो. कडेखाली गोल फिरवून सोडा, 20 मिनिटं थांबा, ब्रश मारा, फ्लश करा. जास्त ओतून जास्त साफ होत नाही. दाबून फिरवायचं झाकण असलेलीच बाटली घ्या. लहान मूल असलेल्या घरात तेवढ्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

लिंबाचं सत: 5 पैकी 4. 50 ग्रॅम पूड अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भांड्यात ठेवा. वाफ नाही, धातू लवकर गंजत नाही. वेळ मात्र लागतो.

आता खरी धास्ती. पावसाळ्यात विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर घरोघरी असते (चांगल्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम) आणि उरलेली न्हाणीत जाऊन बसते. तिच्यावर यातलं कुठलंही आम्ल पडलं, लिंबाचं सतसुद्धा, की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत दोन श्वासांत छाती भरते. असं झालं तर वर पाणीही ओतत बसू नका. दार उघडं टाकून बाहेर पडा, धाप लागली तर 108ला फोन करा. शिवाय ब्लीचनं तांबूस डाग निघत नाही, उलट पक्का बसतो. म्हणजे दोन्ही एकत्र वापरण्यात फायदाही नाही. आम्ल डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून 15 ते 20 मिनिटं नळाच्या पाण्यानं धुवा, मग डॉक्टर.

उरलेला क्लीनर टाकून देऊ नका, वापरून संपवा. अख्खी बाटली एकदम ओतली तर सेप्टिक टाकीतल्या जिवाणूंना फटका बसतो. सुटं ॲसिड असेल तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून प्लॅस्टिकच्या बादलीत 5 लिटर पाणी घ्या. त्या पाण्यात 100 मिली ॲसिड हळूहळू सोडा. पाणी ॲसिडात कधीच नाही, उसळून अंगावर येतं. मग चमच्याचमच्यानं खाण्याचा सोडा घाला. तीव्र ॲसिडला साधारण 90 ते 100 ग्रॅम लागतो. नवा चमचा टाकल्यावर फेस आला नाही की उरलं ते खारं पाणी, ते कमोडमध्ये जाऊ द्या. लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची बादली नको, हायड्रोजन सुटतो.

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणीही कमोडमध्ये ओता, मगच ती सुक्या कचऱ्यात. हा कचरा पुढं कुणीतरी हातानं निवडतं. ओल्या कचऱ्यात तर मुळीच नको: साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात त्यापासून बायोगॅस होतो, तोही जिवाणूंच्याच जोरावर.

बाटलीत काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसेल तर उघडू नका, वास घेऊ नका. उभी ठेवून वर ‘धोकादायक’ लिहा आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या माणसाच्या हाती वेगळी द्या.